समुद्रावर ड्रोनची नजर : दिसलं, मग पुढे काय?

मतलई

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचा बरेच दिवस मनात होतं, काल रात्री काकाबरोबर परत तेच बघितलं आणि आता लिहायलाच बसलो.

मी सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचा. घरची मासेमारी, कांडाळीची, म्हणजे पाण्यात पसरून ठेवायच्या जाळ्यांची. मी स्वतः ड्रोन पायलट आहे, लायसन काढलंय, लग्नं, आंब्याच्या बागा, जमिनीचे सर्व्हे अशी कामं करतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट, रात्री अकराच्या सुमाराला काका म्हणाला चल तुला जत्रा दाखवतो, आणि खडपावर नेऊन उभा केला. समोर दर्यात उजेडाची रांग, मोजल्या तर चौदा बोटी, पांढराफेक उजेड इतका की ढगांच्या पोटावर पडलेला दिसत होता. एलईडीवाले. जनरेटरवर दिवे लावायचे, काही पाण्याच्या वर, काही पाण्यात सोडायचे, म्हाकूल, बांगडा, पेडवे सगळं उजेडाकडे गोळा होतं आणि मग एकदम जाळ्यात. त्याच पट्ट्यात काकाची कांडाळी पसरलेली होती. सकाळी गेलो तर सात कांडाळी गायब, बोयाला तुटका दोर तेवढा लोंबत होता, टोक सुरीने कापल्यासारखं सरळ.

रात्रीच एका ठिकाणी फोन केला होता. पलीकडचा माणूस चांगला बोलला, सगळं लिहून घेतलं, पण गस्तीची नौका दुसऱ्या बंदरात उभी, ती निघून येईपर्यंत उजाडलं. उजाडल्यावर दर्या रिकामा. पुरावा काय, तर काकाचं तोंडी सांगणं आणि माझ्या मोबाईलमध्ये काळ्या पडद्यावर चौदा ठिपके.

आता मुद्द्यावर येतो. जानेवारी २०२५ पासून राज्याने अवैध मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात केली, सात सागरी जिल्ह्यांना मिळून नऊ ड्रोन. आपल्याकडे रत्नागिरीत मिरकरवाडा आणि साखरीनाटे, रायगडात रेवदंडा आणि श्रीवर्धन, सिंधुदुर्गात फक्त देवगड. मला हे मनापासून आवडलंय, आधीच सांगतो, म्हणजे कोणी मी विरोधात आहे असं धरून चालू नका.

ड्रोनचा फायदा काय ते सरळ गणितात सांगतो. पुळणीवर उभ्या माणसाला पाण्याची कड साधारण पाच किलोमीटरवर दिसते, पुढे पृथ्वीची गोलाई आड येते. तोच डोळा ४०० फुटांवर नेला तर कड ३९ किलोमीटरवर जाते. राज्याची हद्द १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर. ताशी ७२ किलोमीटरने जाणारा ड्रोन १८ मिनिटांत हद्दीच्या टोकाला पोचतो आणि १० नॉटने जाणाऱ्या बोटीला त्याच अंतराला सव्वा तास लागतो.

पण देवगडहून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं रेडी सरळ रेषेत ७५ किलोमीटरच्या आसपास. ड्रोन तिथे पोचेपर्यंत तासभर गेला, परत यायला तासभर, मग बघायचं कधी? आणि बघितलं तरी तिथे जाऊन बोट धरणार कोण? मला ह्यावरच चर्चा हवी आहे. ड्रोन घेतला म्हणजे काम झालं असं होऊ नये.

विमानवेडा

चांगला विषय घेतलास. नियमांचं थोडं सांगतो कारण लोकांचा गैरसमज असतो की ड्रोन घेतला की उडवला. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत उडवता येतो, त्याच्या वर परवानगी. आणि सर्वसाधारण पायलटला ड्रोन डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात ठेवायचा असतो, त्यामुळे २२ किलोमीटर लांब पाठवणं हे तुझ्या-माझ्या लायसनचं काम नाही, त्याला वेगळी मंजुरी, वेगळी यंत्रणा. दुसरं, चिपीचा विमानतळ विसरू नका, धावपट्टी किनाऱ्यापासून जवळच आहे. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर गेलात तरी परवानगी लागते, आणखी जवळ तर त्याहून कडक. वेंगुर्ला आणि मालवणच्या मधला बराच किनारा ह्यात येतो.

आणि प्रकार लक्षात घ्या. चार किंवा सहा पंख्यांचा ड्रोन अर्धा-पाऊण तास टिकतो, त्याने बंदराच्या तोंडाची गस्त होईल. १२ मैलांपर्यंत जायचं तर विमानासारखे पंख असलेला, सरळ वर उठणारा आणि मग आडवा उडणारा ड्रोन लागतो. कोकणात तर वाऱ्याचं गणित वेगळंच, सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून दर्याकडे जाणारा वारा, पाठीवर घेऊन मजेत समुद्रात गेलात आणि परतताना तोच समोरून, बॅटरी निम्मी उरली म्हणून निर्धास्त राहिलात तर बुडालात.

मतलई

@विमानवेडा शंभर टक्के. मी शिकलोय हे, आणि महागात शिकलोय. पहिल्यांदा काकाच्या होडीवरून छोटा ड्रोन उडवला तेव्हा वाऱ्याने सिग्नल तुटायला लागला, ड्रोन आपोआप 'घरी' परत निघाला. पण त्याचं घर म्हणजे जिथून उठला ती जागा, होडी तोवर दोन-अडीचशे मीटर वाहून पुढे आलेली. माझ्या डोळ्यांसमोर तो रिकाम्या पाण्यावर थांबला आणि शांतपणे खाली उतरायला लागला, जमीन आहे असं समजून. काकाने इंजिन फुल्ल मारलं, मी होडीच्या नाळीवर पालथा पडून हात लांब केला आणि पाण्यापासून वीतभर वर असताना पाय पकडला त्याचा. बोटं कापली. तेव्हापासून होडीवरून उडवताना घराची जागा कंट्रोलरवर धरून ठेवतो आणि दर दोन मिनिटांनी बदलतो. खाऱ्या हवेने मोटरचे बेअरिंग खातात ते वेगळंच, घरी आलो की पहिलं काम ओल्या फडक्याने पुसणं.

आणि काकण, म्हणजे समुद्री गरुड! त्याच्या घरट्याजवळ चुकूनही उडवू नका, विणीच्या दिवसांत तो थेट अंगावर येतो.

जहाजी_आप्पा

मी दापोलीचा, ३१ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली. बाहेर काय चालतं ते सांगतो, त्यातून आपल्याला घेण्यासारखं आहे.

युरोपात सागरी सुरक्षेची एक सामाईक संस्था आहे, एम्सा, ऑफिस लिस्बनला. ती स्वतः ड्रोनची सेवा भाड्याने घेते आणि सदस्य देशांना फुकट वापरायला देते. एकच ड्रोन मासेमारीवर नजर ठेवतो, तेलाचे तवंग बघतो, हरवलेली बोट शोधतो आणि जहाजाच्या धुराचा वासही घेतो. वास म्हणजे खरंच वास. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजाच्या इंधनात गंधक ०.५ टक्क्याच्या वर चालत नाही, युरोपातल्या काही समुद्रांत तर ०.१ टक्का. ड्रोन धुराच्या लोटात शिरतो, सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मोजतो, त्या दोघांच्या प्रमाणावरून इंधनात गंधक किती ते काढतात आणि जहाज पुढच्या बंदराला लागलं की तिथे इन्स्पेक्टर उभा असतो. डेन्मार्कने हे केलेलं आहे. मतलई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर ह्यात आहे बघ, ड्रोन पकडत नाही, तो पुढच्या बंदराला कळवतो.

जपानच्या तटरक्षक दलाने ऑक्टोबर २०२२ पासून सीगार्डियन नावाचा मोठा ड्रोन वापरायला घेतला, सुरुवात हाचिनोहेहून केली. त्याच जातीचे दोन आपल्या नौदलाने २०२० मध्ये भाड्याने आणले होते. पंखांची लांबी २४ मीटर, आकाशात दिवसभर राहतो. तो आपल्या कांडाळीसाठी नाही हे उघड आहे, पण लोक 'ड्रोन' म्हणतात तेव्हा एका टोकाला हा असतो आणि दुसऱ्या टोकाला लग्नातला असतो, म्हणून सांगितलं.

तेलाबद्दल मला विशेष वाटतं. मे-जूनमध्ये आमच्या पुळणींवर डांबराचे गोळे येतात, पोरांचे पाय काळे होतात, रॉकेलने पुसत बसावं लागतं. कुठल्या जहाजाने रात्री घाण सोडली ते कोणालाच कळत नाही. तेलाच्या थरावर बारीक लाटा उठत नाहीत म्हणून रडारवर तो काळा दिसतो, आणि उष्णता बघणाऱ्या कॅमेऱ्याला रात्रीसुद्धा पाण्यापेक्षा वेगळा दिसतो. मागे जहाज असेल तर शेपटीसारखा पट्टा दिसतो. हे काम ड्रोनने झालं तर मी स्वतः सलाम करीन.

पर्ससीनवाला

मी दुसरी बाजू मांडतो, रागावू नका. माझी पर्ससीन, म्हणजे माशांचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याची बोट आहे, परवाना आहे, ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाप्रमाणे सप्टेंबर ते डिसेंबर मासेमारी करतो, एलईडी कधी लावलेली नाही. डोक्यावर कर्ज, बोटीवर पंचवीस-तीस खलाशी, त्यांची घरं माझ्यावर. आणि इथे चर्चा अशी चालते की मोठी बोट दिसली म्हणजे चोर.

वरून एक फोटो काढला, त्यात माझी बोट. मी कुठे उभा होतो, जाळी पाण्यात होती की डेकवर, मी हद्दीच्या आत होतो की बाहेर, हे त्या फोटोवरून कोण ठरवणार? ड्रोनवर जीपीएस आहे म्हणता, पण ते ड्रोनची जागा सांगतं, माझी नाही.

मतलई

@पर्ससीनवाला तुम्ही रागावण्यासारखं काहीच लिहिलं नाही दादा, उलट सगळ्यात कामाचा मुद्दा तुमचाच आहे आणि सरकारी बैठकीत हा कोणी विचारत नाही.

ड्रोन १२० मीटरवर आहे आणि कॅमेरा क्षितिजाच्या खाली ५ अंश झुकलाय असं धरा. समोर दिसणारी बोट मग साधारण १३७० मीटर लांब येते. कॅमेऱ्याचा कोन एकाच अंशाने चुकला, ५ ऐवजी ४ धरला, तर तीच बोट १७१६ मीटरवर येते. एका अंशात साडेतीनशे मीटरचा फरक! आणि वाऱ्यात ड्रोन हलत असताना एक अंश म्हणजे काहीच नाही. त्यामुळे हद्दीच्या रेषेवरच्या बोटीवर नुसत्या तिरक्या फोटोवरून केस करणं चूक आहे, करूच नये. ड्रोन बोटीच्या डोक्यावर नेऊन सरळ खाली बघून जागा घ्यायची, किंवा लेझरने अंतर मोजायचं. त्याच व्हिडिओत सलग, न तोडता, वेळ, अक्षांश-रेखांश, बोटीचा नंबर, जाळ्याचा दोर पाण्यात उतरलेला आणि दिवे चालू असलेले दिसले पाहिजेत. तुकड्या-तुकड्यांचा व्हिडिओ वकील दोन मिनिटांत फेकून देईल, आणि बरोबरच करील.

तुम्ही हद्दीबाहेर असलात तर हाच व्हिडिओ तुमच्या बाजूने साक्ष देईल. म्हणून माझं म्हणणं आहे की ज्याच्यावर केस, त्याला पूर्ण रेकॉर्डिंगची कॉपी मिळालीच पाहिजे.

पर्ससीनवाला

कॉपी मिळणार असेल तर माझा विरोध नाही. लिहून द्यायला लावा तेवढं.

विमानवेडा

कॉपीबरोबर सर्टिफिकेटही. १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. उडवणाऱ्याने त्याच दिवशी ते भरलं नाही तर सहा महिन्यांनी कोण शोधत बसणार.

शिरगाव_मत्स्य

मी मत्स्य महाविद्यालयात शिकलेली, आता ह्याच क्षेत्रात काम करते. कायद्याची साखळी थोडक्यात सांगते म्हणजे 'पुढे काय' ते कळेल. आपला सागरी मासेमारीचा मूळ कायदा १९८१ चा. एलईडी आणि बुल ट्रॉलिंगवर (दोन बोटींनी मिळून एकच जाळं ओढणं) केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, पण ती १२ मैलांच्या पलीकडच्या पाण्यासाठी. आतलं पाणी राज्याचं, तिथे २०२१ मध्ये आपला कायदा सुधारला, दंड लाखांत गेला आणि मुख्य म्हणजे निकाल द्यायचं काम तहसीलदारांकडून काढून मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आलं. आधी तहसीलदारांकडे शंभर कामं असायची, त्यात बोटीची केस पडून राहायची. म्हणजे पुरावा चांगला असेल तर केस आता पूर्वीपेक्षा लवकर उभी राहू शकते, आणि इथेच ड्रोन उपयोगी आहे.

पण ड्रोनने आंधळेपणाने समुद्र विंचरत बसायचं नाही हो. ७२० किलोमीटर किनारा गुणिले २२, म्हणजे जवळजवळ १६ हजार चौरस किलोमीटर पाणी, आणि ड्रोन नऊ. ड्रोनने शंका तपासायची, शोधायचं काम दुसऱ्यांनी करायचं. किनाऱ्यावर तटरक्षक दलाची रडार आहेत, २६/११ नंतर ती साखळी उभी राहिली. २० मीटरपेक्षा लांब बोटींना एआयएस, म्हणजे बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र आहे. छोट्या बोटींसाठी इस्रोने बनवलेले ट्रान्सपाँडर, ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला त्याची देशभरासाठी सुरुवात झाली, एक लाख बोटींना बसवायचे आहेत, त्यावरून बोटीला मेसेज जातो आणि बोटीवरून येतोसुद्धा. मग रडारवर ठिपका आहे पण ट्रान्सपाँडर किंवा एआयएसवर तिथे कोणीच नाही, असा ठिपका दिसला की ड्रोन तिकडे पाठवायचा.

जुलै २०२५ मधली कोर्लईची गोष्ट आठवा. रडारवर संशयित बोट दिसली, भर पावसात सगळ्या यंत्रणा धावल्या, रायगडात घबराट, कारण १९९३ चं शेखाडीला उतरलेलं आरडीएक्स आणि २०२२ ची हरिहरेश्वरला लागलेली रायफलींची नौका लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही. आणि निघालं काय, तर पाकिस्तानी जाळ्याचा वाहत आलेला बोया, त्याच्यावरच सिग्नल देणारं यंत्र. अशा वेळी पावसावाऱ्यात उडू शकणारा एक ड्रोन वर गेला असता तर तासाभरात कळलं असतं की तो बोया आहे. पावसाळी ड्रोन हवा, हे मी अधोरेखित करते.

हर्णैची_सून

सगळे बोटीचं बोलतायत, मी लिलावाचं बोलते. आमच्या बंदरात संध्याकाळी पुळणीवर लिलाव होतो, मी पाटी घेऊन उभी असते. एलईडीचा माल कळतो. बोटभर पेडवे, अंगठ्याएवढी म्हाकुलं, ज्यांना अजून दोन-तीन महिने दर्यात राहायचं होतं ती सगळी एका टोपलीत. त्या दिवशी भाव एकदम पडतो, आणि पुढच्या पंधरा दिवसांत दर्यात काही मिळतच नाही, तेव्हा आमच्या छोट्या होडीवाल्यांची बायका-पोरं काय खाणार?

माझं म्हणणं, ड्रोनने दर्यात बघितलं ते बंदरात पण पोचलं पाहिजे. काल रात्री अमुक नंबरची बोट दिवे लावून दिसली, हे सोसायटीच्या फळ्यावर सकाळी लागलं तर आम्ही बायकाच तो माल हात लावायच्या नाही. गस्तीनौका नसली तरी चालेल, माल कुठेतरी उतरवायला यावाच लागतो ना.

जहाजी_आप्पा

वहिनी, हेच मी म्हणत होतो, पुढच्या बंदराला कळवणं. फक्त एक, फळ्यावर नाव लावण्याआधी वरची अंतराची भानगड तपासलेली असावी, नाहीतर पर्ससीनवाल्यांसारख्या सरळ माणसावर अन्याय होईल.

तांडेलकाका

मतलई, सगळा वाचलंय. झिलाच्या मोबायलार टायप करतंय, चुको झाल्यार समजान घे.

फयान वादळाच्या वेळार, ११ नोव्हेंबर २००९, आमची होडी कशीबशी खाडीत शिरली म्हणान आमी वाचलव. आमच्या आवाठातले दोघे भायर रवले. वारो पडल्यार आमी शोधूक गेलव, तीन दिवस फिरलव. दर्यात पिंपा दिसत, थर्माकोल दिसा, लाकडा दिसत, माणूस दिसना. पाण्यात माणसाचा डोक्या नारळाएवढा. लाटेच्या मागे गेला काय संपला.

तुझो ड्रोन चोर शोधूक जातलो ता बरा. पण बुडणारो माणूस तेका दिसात काय? तू उडवतंस ना, ह्या तू माका सांग.

मतलई

काका, खरं सांगायचं तर मला माहीत नाही. रविवारी बघून सांगतो. तुमची होडी मिळेल का?

तांडेलकाका

पहाटे चारला धक्क्यार ये. मतलई सुटता तेवा.

मतलई

अपडेट. रविवारी जाऊन आलो, तांडेलकाका, त्यांचा मुलगा आणि मी. खाडीच्या तोंडापासून जवळच, ड्रोन सतत नजरेत ठेवून. उजाडायची वाट बघितली आणि मग पाण्यात तीन गोष्टी सोडल्या, तिन्हीला दोर बांधून. एक केशरी लाइफ जॅकेट, एक निळा कॅन जसा आपण बोयासाठी वापरतो, आणि एक सोललेला नारळ, काका म्हणाले तेच डोकं समजायचं.

साध्या कॅमेऱ्याने ६० मीटरवरून जॅकेट लगेच दिसलं, पहिल्याच फेरीत. निळा कॅन कुठे आहे हे मला माहीत असूनसुद्धा दोनदा हुकला, पाण्याच्याच रंगात मिसळतो, फक्त त्याची सावली दिसते. नारळ ६० वरून दिसलाच नाही. ४० वरून नाही. २५ मीटरवर आलो तेव्हा काकाच्या मुलाने ओरडून दाखवला, तोसुद्धा आजूबाजूला फेस नव्हता म्हणून. इतक्या खाली उतरलं की एका वेळी दिसणारं पाणी अगदी थोडं, मोठा भाग शोधायला तास लागतील. सूर्य वर आला आणि पाणी चमकायला लागलं तसं काहीच दिसेना, मग सूर्य पाठीमागे ठेवून उडवलं तेव्हा परत जॅकेट दिसलं. उष्णता बघणारा कॅमेरा माझ्याकडे नाही, नारळ गरमही नसतो, त्यामुळे रात्रीचं मी सांगू शकत नाही.

म्हणजे काका, उत्तर असं आहे की जॅकेट घातलेला माणूस दिसेल, नुसतं डोकं दिसणं कठीण.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत मी हे व्हिडिओ दाखवणार आहे आणि देवगडच्या ड्रोनच्या माणसांना बोलवावं असा ठराव मांडणार आहे. हर्णैच्या वहिनींचा फळा, पर्ससीनवाल्या दादांची कॉपी, शिरगावच्या ताईंचा पावसाळी ड्रोन, तिन्ही गोष्टी ठरावात घालतोय. आणि कोणी हरवलं की चोरांची गस्त सोडून ड्रोन आधी तिकडे गेला पाहिजे, हे पहिलं वाक्य. तोवर तटरक्षकांचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ प्रत्येक होडीत रंगाने लिहून ठेवा, मोबाईल भिजला तर नंबर आठवत नाही.

तांडेलकाका

होडयेत जॅकेटा होती, तागाच्या पोत्यात बांधान ठेवलेली, एक उंदरान खाल्लेला. आज सगळी भायर काढलंय. झील मालवणात जावन नवी सात घेवन इलो, केशरी. निळ्या कॅनांका पण केशरी रंग मारूक घेतलंय, एक हात मारून झालो, दुसरो उद्या.